विश्लेषण : शॅम्पेनचा गढूळपणा घालवणारी ‘विधवा’ कोण? तिचा वारसा वरळीपर्यंत कसा पोहोचला?

वरळीतील डॉ. अ‍ॅनी बेझंट मार्गावरचे ‘इंडेज हाऊस’ हा एकेकाळी भारतीय स्पार्कलिंग वाइनचा पत्ता होता. शामराव चौगुले यांच्या ‘शॅम्पेन इंडेज’ कंपनीचा कारभार तेथून चाले आणि वाइन तयार होई पुणे जिल्ह्यातील नारायणगावला. १९८०च्या दशकात फ्रान्सच्या ‘पायपर-हाइडसिक’चे तांत्रिक साहाय्य घेऊन तेथे बनलेली ‘ओमर खय्याम’ परदेशातही विकली गेली. ज्या पारंपरिक फ्रेंच पद्धतीने ती बनत असे, त्या पद्धतीतील एक निर्णायक टप्पा २०० वर्षांपूर्वी एका तरुण विधवेच्या तळघरात आकाराला आला. तिचे नाव बार्ब-निकोल क्लिको.

मॅडम क्लिको कोण होत्या?

बार्ब-निकोल पोंसार्दां यांचा जन्म १६ डिसेंबर १७७७ रोजी फ्रान्समधील रँस शहरात झाला. वडील कापडाचे मोठे कारखानदार. त्या ११ वर्षांच्या असताना फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला. १७९८ मध्ये त्यांचा विवाह फ्रान्स्वा क्लिको यांच्याशी झाला. सासरे फिलिप क्लिको यांचाही मुख्य धंदा कापडाचाच; १७७२ पासून ते जोडीला वाइनचा व्यापार करत. फ्रान्स्वाला मात्र वाइनचीच ओढ होती. नवरा-बायको दोघांनी मिळून द्राक्षमळे आणि वाइनचे तंत्र समजून घेतले. पण ऑक्टोबर १८०५ मध्ये फ्रान्स्वाचे तापाने निधन झाले. बार्ब-निकोल तेव्हा अवघ्या २७ वर्षांच्या होत्या आणि पदरी लहान मुलगी होती.

विधवेला व्यवसाय करता येत होता का?

नेपोलियनच्या १८०४ च्या नागरी संहितेने विवाहित स्त्रीला पतीच्या अधीन ठेवले होते. पतीच्या संमतीशिवाय तिला करार करता येत नसे. विधवा मात्र स्वतःच्या नावाने व्यवहार करू शकत असे. खचलेले सासरे धंदा बंद करण्याच्या विचारात होते. सुनेने त्यांचे मन वळवले आणि भांडवल मिळवले. सासऱ्यांनी अनुभवी भागीदारासोबत काम करण्याची अट घातली. ही भागीदारी चार वर्षे चालली, पण युद्धामुळे नफा झाला नाही आणि भागीदार बाजूला झाला. १८१० मध्ये बार्ब-निकोल यांनी एकटीच्या बळावर ‘व्हव क्लिको-पोंसार्दां’ या नावाने कंपनी उभी केली. फ्रेंच भाषेत ‘व्हव’ म्हणजे विधवा. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. केले असते, तर हा अधिकार पुन्हा पतीच्या हाती गेला असता.

१८१४ चा जुगार काय होता?

नेपोलियनची युद्धे आणि सागरी नाकेबंदी यांमुळे निर्यात ठप्प होती. तळघरात माल पडून होता, कंपनी बुडण्याच्या बेतात होती. १८११ मध्ये आकाशात मोठा धूमकेतू दिसला आणि त्याच वर्षी शॅम्पेन प्रांतात द्राक्षांचे अप्रतिम पीक आले. त्या वर्षीची वाइन क्लिको यांनी जपून ठेवली. १८१४ मध्ये नेपोलियनचा पाडाव होताच, इतर व्यापारी सावरण्याआधी, त्यांनी आपला विक्रेता लुई बोन याच्यासह १० हजारांहून अधिक बाटल्यांचे जहाज गुपचूप रवाना केले. ते कोनिग्सबर्ग बंदरात, म्हणजे आजच्या कॅलिनिनग्राडमध्ये पोहोचले आणि माल चढ्या भावाने संपला. पाठोपाठ दुसरे जहाज सेंट पीटर्सबर्गला गेले. रशियन उमरावांमध्ये ‘क्लिको’ हे नाव घरोघरी पोहोचले.

गढूळपणाची अडचण काय होती?

शॅम्पेन दोनदा आंबवतात. पहिल्यांदा साधी वाइन होते. ती बाटलीत भरताना साखर आणि यीस्ट घालून बूच लावतात. आत पुन्हा आंबण्याची क्रिया होते आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ न शकल्याने वाइनमध्ये विरघळतो. हा दाब मोटारीच्या टायरमधील दाबाच्या दुपटीहून अधिक असतो. त्या काळी तळघरातच कितीतरी बाटल्या फुटत. शिवाय मेलेल्या यीस्टचा गाळ बाटलीत राहून वाइन गढूळ होई. एका बाटलीतून दुसरीत ओतली, तर बुडबुडेच उडून जात.

त्यावर उपाय कसा सापडला?

१८१६ च्या सुमारास क्लिको यांनी लाकडी टेबलाला तिरकी भोके पाडून घेतली. त्यांत बाटल्या उलट्या खोचायच्या आणि दररोज थोड्या फिरवायच्या. काही आठवड्यांत सगळा गाळ बुचापाशी जमा होतो. मग बूच काढले की आतल्या दाबाने गाळ बाहेर फेकला जातो, कमी झालेली वाइन भरून बाटली पुन्हा बंद करतात. तळघरप्रमुख आंत्वान म्युलर यांचाही या प्रयोगात मोठा वाटा होता. प्रतिस्पर्ध्यांपासून ही युक्ती काही वर्षे लपवून ठेवण्यात आली. आज हे काम बहुतेक ठिकाणी यंत्रे करतात, तत्त्व मात्र तेच आहे. १८१८ मध्ये लाल आणि पांढरी वाइन मिसळून गुलाबी शॅम्पेन बनवण्याचे श्रेयही क्लिको यांनाच दिले जाते.

पुढे काय झाले?

१८४१ मध्ये त्यांनी कारभार एदुआर वेर्ले या विश्वासू भागीदाराकडे सोपवला. २९ जुलै १८६६ रोजी बुर्सो येथील वाड्यात, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची कंपनी आता ‘एलव्हीएमएच’ समूहात आहे. याच समूहाने २०१३ मध्ये ‘शांदों’ ही स्पार्कलिंग वाइन भारतात आणली आणि त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी निवडली.

मग भारतीय वाइनला शॅम्पेन का म्हणत नाहीत?

हे नाव फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातील वाइनसाठीच राखीव आहे. म्हणून नाशिकची बाटली ‘स्पार्कलिंग वाइन’ ठरते. लेबलवर ‘ब्रूट’ असेल तर ती कमी गोड असते. क्लिको यांच्या रशियन गिऱ्हाइकांना लागणारी वाइन याच्या कितीतरी पट गोड असे. बाटली ८ ते १० अंशांपर्यंत थंड करावी, बूच हाताने घट्ट धरून बाटली सावकाश फिरवावी आणि पेला तिरका धरून ओतावे. या वाइनच्या आंबटसरपणामुळे तळणीचा तेलकटपणा जिभेवर राहत नाही. त्यामुळे वरळी कोळीवाड्यातल्या रवा लावलेल्या कुरकुरीत बोंबलांबरोबर ती छान जमते. पेल्यातून बुडबुड्यांची माळ स्वच्छ वर चढताना दिसते, ती मात्र त्या भोके पाडलेल्या टेबलाची देणगी आहे.