सम्राटाच्या बोटातला गाऊट

स्पेनपासून नेदरलँड्सपर्यंत आणि थेट अमेरिकेतही राज्य असलेला सम्राट पाचवा चार्ल्स १५०० साली गेंट येथे जन्मला. मांस आणि बिअर यांचा तो भारी शौकीन. तरुणपणीच त्याचे सांधे सुजून ठणकू लागले. रक्तातील युरिक ॲसिड वाढले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचतात. तोच हा गाऊट. पथ्य पाळा, असे वैद्य सांगत. चार्ल्सने ते मनावर घेतले नाही.

१५५२ मध्ये मेट्झच्या वेढ्यात दुखण्याने त्याला गाठले, वेढाही फसला. १५५५ मध्ये ब्रुसेल्सला राज्यत्याग करताना काठीचा आणि तरुण विल्यम ऑफ ऑरेंजच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. पुढे युस्तेच्या मठाशेजारी तो राहायला गेला, तेव्हाही बिअर बनवणारा सोबत होताच. १५५८ मध्ये तेथेच मलेरियाच्या तापाने त्याचा अंत झाला.

त्याच्या बोटाचे एक पेर जपून ठेवलेले होते. स्पॅनिश संशोधकांनी ते तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, स्फटिकांनी हाड पोखरले होते.

आज गाऊट औषधांनी आटोक्यात राहतो. मात्र शस्त्रक्रिया, संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा लघवी वाढवणारी औषधे यांमुळे रुग्णालयात दाखल असतानाही तो उसळतो. म्हणून दाखल होतानाच डॉक्टरांना गाऊटची कल्पना द्यावी आणि चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत.