‘ताज’ उभारणारे जमशेटजी

गेटवे ऑफ इंडिया १९२४ मध्ये खुले झाले. त्यापूर्वी तब्बल वीस वर्षे समुद्रमार्गे मुंबईत येणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरे तो ताजमहाल हॉटेलचा घुमट. ही वास्तू उभारणारे जमशेटजी नसरवानजी टाटा तिच्या उद्‌घाटनानंतर जेमतेम पाच महिने जगले.

३ मार्च १८३९ रोजी नवसारीच्या पारशी पुरोहित घराण्यात जन्मलेले जमशेटजी किशोरवयात मुंबईत आले, १८५८ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बाहेर पडले आणि वडिलांच्या व्यापारात शिरले. १८६८ मध्ये एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. १८७७ मध्ये नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि तिने त्यांना वैभव दिले. त्यांची खरी कसोटी लागली ती मात्र उपनगरात. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल साडेबारा लाखांना घेतली आणि तिचे ‘स्वदेशी’ असे नामकरण केले. यंत्रे जुनाट निघाली, भागांचे भाव कोसळले. जमशेटजींनी खासगी पैसा ओतला, नागपूरहून जाणती माणसे आणली आणि गिरणी सावरली. चुनाभट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या नावात ती आजही उरली आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसे शहर सोडून जाऊ लागली, व्यापार थंडावला. अशा काळात जमशेटजींनी अपोलो बंदरावर भव्य हॉटेल बांधावयास घेतले, तेही पेढीच्या नव्हे तर स्वतःच्या पैशाने. वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारल्याचा हा सूड होता, अशी एक कथा सांगतात. कथा रंजक खरी, पण तिला समकालीन आधार सापडत नाही. रोगाने खचलेल्या शहराची पत सावरण्याची निकड हेच कारण अधिक पटण्याजोगे आहे.

आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम पुरे होण्याआधीच वैद्य निवर्तले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेले. इमारत उलटी बांधली गेली म्हणून वास्तुविशारदाने वरून उडी घेतली, ही दंतकथा मात्र निखालस खोटी आहे. एका मराठी अभियंत्याच्या कामगिरीवर तिने उगाच सावट धरले. युरोपात हिंडून जमशेटजींनी हॉटेलचे सामान जातीने निवडले. वास्तू विजेच्या दिव्यांनी उजळली. त्या काळी मुंबईला ते अप्रूपच होते.

१६ डिसेंबर १९०३ रोजी ‘ताज’ची दारे उघडली, तेव्हा पाहुणे होते अवघे सतरा. मार्च १९०४ मध्ये पत्नी हिराबाई गेल्या. १९ मे रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींचेही निधन झाले. पोलाद कारखाना, विज्ञान संस्था आणि जलविद्युत या तीन योजना तेव्हा कागदावरच होत्या. पूर्ण झालेली त्यांनी पाहिली ती एवढीच. जुहू तारा येथे जमीन घेऊन समुद्रकाठी वसाहत वसवण्याचा आणि माहीमचा रस्ता सांताक्रूझपर्यंत वाढवण्याचा त्यांचा बेतही त्यांच्याबरोबर बारगळला. पुढे जुहूला विमानतळ झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन निघालेले जे. आर. डी. टाटा तेथेच उतरले.