प्रश्न टाळला नाही असा माणूस

महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या, की आमच्या जठारपेठेत एक कुजबुज सुरू होते. घरोघरी मखराची, सोळा भाज्यांची, आंबिलीची तयारी चाललेली असते आणि त्यातच एखादी सून मेडिकलमध्ये जाते, आसपास कोणी पुरुष नाही असे पाहून हळूच पाळी पुढे ढकलायची गोळी मागते. कागदात गुंडाळलेली पुडी पर्समध्ये जाते. डॉक्टरची चिठ्ठी कोणी दाखवत नाही आणि कोणी मागतही नाही. गेल्या वर्षी माझ्या भाचीने फोनवर विचारले, मामा, तुम्ही एवढे वाचता, ही गोळी घेतली तर काही होत नाही ना? आयुष्यभर व्याजाचे हिशेब केलेला मी क्षणभर गप्पच झालो. तेव्हा आठवले ते र. धों. कर्वे. अशा प्रश्नापुढे ते गप्प बसले नसते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेली. त्या काळी अशी मरणे घरोघर होत आणि नशिबावर घातली जात. या मुलाने पुढे जन्मभर जे केले त्याचे मूळ त्या मरणात शोधण्याचा मोह होतो, पण माणसाचे मन इतके सरळ चालत नाही. बुद्धी मात्र तल्लख होती. १८९९ साली मॅट्रिकला ते पहिले आले. पुढे गणिताचे प्राध्यापक झाले, पॅरिसला जाऊन आले आणि १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. मूल केव्हा व्हावे हे बाईने ठरवावे, असे बोलणाऱ्या प्राध्यापकाला १९२५ साली विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. चालती नोकरी जाणे म्हणजे काय, हे पगारदार माणसाला वेगळे सांगायला नको.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. बँकेतल्या कोणत्याही अधिकाऱ्याने अशा धंद्याला कर्ज मंजूर केले नसते, मीही नाही! तरीही ते सव्वीस वर्षे चालले, पदरमोड करून आणि पत्नी मालतीबाईंच्या साथीने. या दोघांनी स्वतःला मूल होऊ न देण्याचे ठरवले होते. मासिकात वाचकांचे प्रश्न येत. घरात विचारता येत नाही आणि वैद्यासमोर जीभ रेटत नाही, असे प्रश्न. कर्वे त्यांना आडवळण न घेता शास्त्राची उत्तरे देत. सोवळेओवळे, देवधर्म यांचा मुलाहिजा त्यांनी ठेवला नाही. १९३१ साली अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ सालच्या खटल्यात तर वाचकांना दिलेली उत्तरेच गुन्हा ठरली. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नांना वाहिलेल्या मासिकाने अशा प्रश्नांना उत्तर देणे ही अश्लीलता कशी, हा त्यांचा मुद्दा कोर्टाने मानला नाही. दोनशे रुपये दंड झाला. कर्व्यांनी तो भरला आणि पुढचा अंक काढला.

आता भाचीचा प्रश्न. पाळी येते ती शरीरातले प्रोजेस्टेरॉन उतरल्यावर. गर्भाशयाचे अस्तर मग गळून पडते. नॉरएथिस्टेरॉनची गोळी त्या अस्तराला धरून ठेवते. डॉक्टर ती साधारणपणे अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून, पाच मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा देतात. थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. एकदा थोड्या दिवसांसाठी घेतली तर बहुतेक निरोगी बायकांना त्रास होत नाही. फार तर पोट फुगते, मळमळते, डोके दुखते. पण पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असेल, मधूनच कारणाशिवाय रक्त जात असेल, दिवस राहिल्याची शंका असेल, तर तिला हात लावू नये. म्हणूनच आधी डॉक्टर. आणि अशी घेतलेली गोळी गर्भनिरोधक नव्हे, हे कित्येकींना ठाऊकच नसते. माला-डीसारख्या गोळ्या आधीपासून चालू असतील त्यांना वेगळी गोळी बहुधा लागत नाही. शेवटच्या सात लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवे पाकीट सुरू करता येते. पपई खाऊन पाळी लवकर आणण्याच्या गोष्टीला भक्कम पुरावा नाही.

हे नॉरएथिस्टेरॉन प्रथम तयार झाले मेक्सिको शहरात, १५ ऑक्टोबर १९५१ रोजी. पुढे गर्भनिरोधक गोळ्यांत ते आले, पण अमेरिकेत अशा पहिल्या गोळीला मान्यता मिळाली ती १९६० साली. कर्व्यांच्या केंद्रात बाईच्या हाती देण्यासारखी अशी गोळी कधीच नव्हती. आणि आज ती आपण घेतो कशासाठी, तर विटाळ नको म्हणून! कर्वे यावर नक्कीच चिडले असते. पण उत्तर आधी दिले असते, चिडले नंतर असते.

भाचीला मी डॉक्टरीणबाईंकडे पाठवले. जुना पायाच्या शिरेचा आजार निघाला, गोळी मिळाली नाही. ते ऐकून तिच्या सासूबाईंनी थोडा विचार केला आणि आंबील तिलाच ढवळायला सांगितली.

मालतीबाई १९४४ साली गेल्या. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी र. धों. गेले, तेव्हा ‘समाजस्वास्थ्य’ चालूच होते. नोव्हेंबरचा अंक निघाला, तो शेवटचा.