रॉबर्ट कॉख : रोगजंतूंची ओळख पटविणारा डॉक्टर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या काकांच्या नशिराबाद शिवारातील शेततळ्यात रोहू आणि कटला मरून वर येऊ लागले. अंगावर लाल चट्टे, शेपट्या झडलेल्या. चार मेलेले मासे पिशवीत घालून काका एस.टी.ने शहरातल्या एका प्रयोगशाळेत गेले. पोहोचेपर्यंत मासे नासले होते. तेथे सांगण्यात आले, की कुजलेल्या माशात शेकडो जंतू सापडतील, पण मासा कोणत्या जंतूने मेला ते कळणार नाही; आजारी मासा जिवंत किंवा ताजा, बर्फात ठेवून आणावा. काका हात हलवीत परतले. दुसऱ्या खेपेस न्यायला तळ्यात मासेच उरले नव्हते.

मी कला शाखेचा विद्यार्थी. पण जंतू सापडणे वेगळे आणि रोगाचा जंतू सापडणे वेगळे, हे कोणी ठरविले असेल, असा प्रश्न पडला. ग्रंथालयात शोध घेता एक नाव सापडले : रॉबर्ट कॉख.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल या खाणींच्या गावी झाला. वडील खाणीत अधिकारी, भावंडे डझनभर. १८६६ साली ते गटिंगेन विद्यापीठातून डॉक्टर झाले. फ्रान्सबरोबरच्या युद्धात सेवा केल्यावर १८७२ मध्ये वोलस्टाइन या आडगावी (ते आज पोलंडमध्ये आहे) सरकारी डॉक्टर म्हणून गेले. जवळ ना विद्यापीठ, ना ग्रंथालय. घरातील रोगी तपासण्याच्या खोलीचा एक भाग त्यांनी आपली प्रयोगशाळा केली.

त्या भागात गुरेमेंढरे फाशी रोगाने मरत. त्यांच्या रक्तात काड्यांसारखे जंतू दिसतात, हे आधीच्या शास्त्रज्ञांनी पाहिले होते. पण ते रोगाचे कारण की परिणाम, हे ठरत नव्हते. कॉख यांनी लाकडाच्या बारीक ढलपीने मेलेल्या जनावराचे रक्त उंदरास टोचले. मग बैलाच्या डोळ्यातील पाण्यात ते जंतू वाढविले, त्या थेंबातून दुसऱ्या थेंबात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेले. रक्ताचा अंशही उरला नाही, तरी उंदीर त्याच रोगाने मेला. १८७६ मध्ये हे प्रयोग त्यांनी ब्रेस्लाऊच्या प्राध्यापकांपुढे करून दाखविले आणि खेड्यातील डॉक्टरचे नाव झाले.

१८८० साली ते बर्लिनला गेले. तेथील खरा पेच जंतू वेगवेगळे करण्याचा होता. पातळ रसात सगळे जंतू एकत्र मिसळतात. उकडलेल्या बटाट्याच्या कापावर मात्र निरनिराळे ठिपके उठतात आणि एका ठिपक्यात एकाच जातीचे जंतू असतात, हे त्यांनी हेरले. (आपल्या घरी शिळ्या बटाट्यावरचे ठिपके आपण फेकून देतो!) पुढे जिलेटिन वापरले, पण ते उष्णतेने वितळे. त्यांचे सहकारी हेस यांच्या पत्नी फॅनी यांनी मुरंब्यासाठी स्वयंपाकघरात वापरला जाणारा, समुद्रशैवालापासून काढलेला अगर सुचविला. आज जगातील प्रत्येक प्रयोगशाळेत अगर आहे. या बाईंचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

२४ मार्च १८८२ रोजी कॉख यांनी क्षयाचा जंतू रंगवून दाखविला. पुढे पटकीचा शोध घेत ते इजिप्तमार्गे कलकत्त्याला आले आणि १८८४ मध्ये स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू वेगळा केला. ज्या तळ्यात लोक स्नान करीत, कपडे धूत व तेच पाणी पीत, त्या तळ्यातही तो सापडला. मात्र प्राण्यांना टोचून पटकी होईना. स्वतःची कसोटी येथे त्यांना पुरी करता आली नाही.

१८९० मध्ये मात्र त्यांच्याकडून मोठी चूक झाली. क्षयावर ट्युबरक्युलिन हे औषध सापडल्याचे त्यांनी जाहीर केले आणि ते कशाचे आहे हे प्रथम गुप्त ठेवले. रोगी आशेने बर्लिनला धावले. गुण आला नाही, काही दगावले. इतरांकडे पुरावा मागणाऱ्या माणसाने येथे घाई करावी, याचे मला फार वाईट वाटले. तेच द्रव्य पुढे क्षयाच्या निदानासाठी उपयोगी पडले.

१८९७ मध्ये मुंबईत प्लेगचा कहर असताना जर्मन पथकाबरोबर काम करण्यासाठी ते येथे आले होते. १९०५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची पद्धत त्यांच्या हयातीतच माशांपर्यंत पोहोचली. १८९४ मध्ये जर्मनीतच पाळलेल्या ट्राउट माशांच्या फोडांमागील जंतू शोधला गेला. आजही आजारी माशाच्या मूत्रपिंडातून निर्जंतुक सुईने नमुना घेऊन अगरवर रेघा ओढतात, उठलेला एक ठिपका वेगळा वाढवून रंगवतात आणि मगच जंतूचे नाव सांगतात. पी.सी.आर.ने काही तासांत उत्तर मिळते, तरी अगरची बशी सुटलेली नाही. कोणते औषध त्या जंतूवर चालेल, हे तिच्यावरच पाहतात. मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत या रोगांचा अभ्यास होतो.

काकांनी यंदा पुन्हा बीज सोडले आहे. तळ्यावरच्या झोपडीत त्यांनी थर्मोकोलचा एक खोका आणून ठेवला आहे, आणि बर्फ कोठे मिळतो ते मला विचारून घेतले आहे.