डॉ. अ‍ॅडॉल्फ लोरेन्झ : शस्त्राविना सांधा बसविणारे शल्यविशारद

काही बालकांच्या खुब्याचा सांधा जन्मतःच सैल अथवा निखळलेला असतो. मांडीच्या हाडाचे गोल डोके कटिभागातील खोबणीत नीट बसत नाही आणि खोबणीही उथळ राहते. अर्भकाला वेदना होत नसल्याने हा दोष सहसा लक्षात येत नाही. मूल चालू लागल्यावर ते लंगडते, तर दोन्ही खुबे निखळलेले असल्यास बदकासारखे डुलत चालते. एकोणिसाव्या शतकात अशा बहुतेक मुलांच्या वाट्याला जन्मभराचे अपंगत्व येत असे. ही परिस्थिती बदलण्यात व्हिएन्नाचे डॉ. अ‍ॅडॉल्फ लोरेन्झ यांचा वाटा मोठा आहे.

लोरेन्झ यांचा जन्म २१ एप्रिल १८५४ रोजी तत्कालीन ऑस्ट्रियन सायलेशियातील वायडेनाऊ येथे झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात विड्नावा या नावाने ओळखले जाते. घरची परिस्थिती बेताची होती. बेनेडिक्टाइन मठात असलेल्या मामांच्या आधाराने त्यांचे शिक्षण झाले. व्हिएन्ना विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर ते प्रख्यात शल्यविशारद एडुआर्ड आल्बर्ट यांचे सहायक झाले.

त्या काळी शस्त्रक्रियेपूर्वी जंतुनाशक म्हणून कार्बोलिक आम्ल वापरले जात असे. या आम्लामुळे लोरेन्झ यांच्या हातांना तीव्र त्वचारोग जडला आणि त्यांची शल्यविशारदाची कारकीर्द धोक्यात आली. मात्र आल्बर्ट यांच्या सल्ल्याने ते शस्त्राविना करावयाच्या उपचारांकडे, म्हणजेच अस्थिव्यंगोपचाराकडे वळले.

खुब्याच्या दोषावर त्यांनी प्रारंभी शस्त्रक्रियाही करून पाहिल्या. परंतु १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी निराळी पद्धत विकसित केली. मुलाला भूल देऊन जांघेतील आखडलेले स्नायू हातांनी ताणायचे, हाडाचे डोके खोबणीत सरकवायचे आणि पाय बाहेरच्या बाजूस फाकवून अनेक महिने प्लास्टरमध्ये ठेवायचे, असे या उपचाराचे स्वरूप होते. इटलीचे आगोस्तिनो पाची यांनी त्यापूर्वीच या दिशेने प्रयत्न केले होते. तथापि, ही पद्धत जगभर रुजली ती लोरेन्झ यांच्यामुळे.

१९०२ मध्ये शिकागोचे मांस उद्योगपती जे. ओग्डेन आर्मर यांनी आपली कन्या लोलिता हिच्या उपचारासाठी त्यांना अमेरिकेत पाचारण केले. या दौऱ्यात लोरेन्झ यांनी अनेक शहरांत गरीब मुलांवर विनामूल्य उपचार केले. वृत्तपत्रांनी त्यांना मोठी प्रसिद्धी दिली आणि ठिकठिकाणी पालकांनी गर्दी केली.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. सांधा जोर लावून बसविल्याने आणि पाय टोकाच्या स्थितीत जखडल्याने काही मुलांच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होत असे. चालण्यासाठी बसविलेला सांधाच पुढे झिजून दुखू लागे. १९३७ मध्ये इटलीचे बालरोगतज्ज्ञ मारिनो ओर्तोलानी यांनी अर्भकाचे पाय हळुवार फाकवून दोष ओळखण्याची चाचणी मांडली. १९४० च्या दशकात चेक शल्यविशारद आर्नोल्ड पावलिक यांनी मऊ पट्ट्यांचा साज तयार केला. त्यात बाळाचे पाय दुमडलेले व फाकलेले राहतात आणि बाळाला ते हलवताही येतात. त्या हालचालीतूनच हाडाचे डोके खोबणीत स्थिरावते.

लोरेन्झ यांचे १२ फेब्रुवारी १९४६ रोजी ऑस्ट्रियातील आल्टेनबर्ग येथे निधन झाले. त्यांचे पुत्र, प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ १९७३ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने सर्व नवजात बालकांच्या खुब्यांची अल्ट्रासाउंड तपासणी सुरू केली.

वेळीच निदान झाल्यास आज बहुसंख्य बालके पट्ट्यांनीच बरी होतात. पहिले अपत्य, मुलगी, पायाळू जन्म अथवा कुटुंबात हा दोष असल्यास विशेष दक्षता आवश्यक ठरते. बाळाचे पाय सरळ करून घट्ट गुंडाळल्याने धोका वाढतो. उलट, आपल्याकडे मूल कडेवर घेताना त्याचे पाय आपोआप फाकलेले राहतात आणि ही स्थिती खुब्याला पोषक असते. दोन्ही मांड्या सारख्या फाकत नसतील किंवा एक पाय आखूड दिसत असेल, तर मूल चालू लागण्याची वाट न पाहता तज्ज्ञांचा सल्ला घेणे हिताचे ठरते.