धुराला कामाला लावणारा अभियंता

दिवाळे गावाजवळून, पाम बीच रस्त्याने धावणारी प्रत्येक टर्बो मोटार आल्फ्रेड ब्यूखी यांची ऋणी आहे. १८७९ मध्ये स्वित्झर्लंडच्या विंटरथूर येथे जन्मलेल्या या अभियंत्याला इंजिनाच्या धुराबरोबर वाया जाणारी ऊर्जा खटकत होती. त्याच धुराच्या झोतावर चाक फिरवून इंजिनात जादा हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट त्यांनी १९०५ मध्ये मिळवले. ती यशस्वी व्हायला वीस वर्षे लागली. जर्मन प्रवासी जहाजांतील १,७५० अश्वशक्तीची डिझेल इंजिने मग २,५०० अश्वशक्ती देऊ लागली. ब्यूखी १९५९ मध्ये निवर्तले.

दाबली की हवा तापते, तापली की पसरते. म्हणून स्पोर्ट्स मोटारीच्या बंपरमागे, समोरच्या वाऱ्यात इंटरकूलर बसवतात. थंड, दाट हवेत जास्त इंधन जळते आणि इंजिन नॉक होण्याचा धोका घटतो.