चार स्क्रूंवरची गिटार

लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नसे. शेवटपर्यंत आली नाही. आणि तरीही घरातल्या कॉलेजकुमाराच्या खोलीत भिंतीवर इलेक्ट्रिक गिटारचं चित्र असेल, तर तिचा तो शिंगाळलेला आकार पुष्कळदा फेंडर यांच्याच कारखान्यातून आलेला असतो.

१९०९ साली कॅलिफोर्नियात, संत्र्यांच्या मळ्यातल्या घरी ते जन्मले. लहानपणी एक डोळा गेला, तिथे काचेचा बसवला. शिक्षण हिशेबनिसाचं. मंदीत खातेवह्यांची नोकरी गेली तेव्हा १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं. (माझ्या टेबलापुढं हा अर्ज आला असता तर मी दोन जामीनदार मागितले असते!)

दुकानात वादक आपली बिघडलेली यंत्रं घेऊन येत. त्यांची रडगाणी फेंडर मन लावून ऐकत. तेव्हाची गिटार पोकळ. वीज जोडून आवाज वाढवला की ती घुमू लागे. तिची मान सरसानं चिकटवलेली. ती वाकली की कारागिराकडे खेपा. फेंडर यांनी दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं. धड भरीव फळीचं केलं आणि मान चार स्क्रूंनी बसवली. बिघडली? स्क्रू काढा, दुसरी लावा.

१९५० मध्ये ही गिटार ‘ब्रॉडकास्टर’ नावानं बाजारात आली. एका ड्रमवाल्या कंपनीनं नावाला हरकत घेतली, तेव्हा लेबलावरचं तेवढं नाव कापून काही महिने माल तसाच विकला. मग ‘टेलिकास्टर’ नाव ठरलं. १९५४ च्या ‘स्ट्रॅटोकास्टर’मध्ये धडाच्या कडा उतरत्या केल्या, कारण वादकांच्या बरगड्यांना त्या रुतत.

चार स्क्रूंचा परिणाम खुद्द फेंडर यांच्या तरी ध्यानात आला होता की नाही, कोण जाणे. एकीची मान दुसरीला बसू लागली, आणि हौशी मंडळींना खेळच मिळाला. एरिक क्लॅप्टननं १९७० मध्ये नॅशव्हिलला जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या, तिघींचे उत्तम भाग निवडून एक काळी गिटार जुळवली आणि वर्षानुवर्षं तीच वाजवली. २००४ च्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर आले. एडी व्हॅन हॅलेननं तर ५० डॉलरचं डागी धड, ८० डॉलरची मान आणि गिब्सन गिटारमधून काढलेला पिकअप एकत्र करून आपलं वाद्य बनवलं. घरच्या टेबलावर, झाळणी हातात धरून असं करणारे आज जगभर आहेत.

फेंडर यांना मात्र एक दुखणं जडलं होतं. घशा-नाकाचा संसर्ग हटेना. आपले दिवस भरले असं वाटून त्यांनी १९६५ मध्ये सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना कंपनी विकली. पुढं डॉक्टर बदलला आणि ते खडखडीत बरे झाले! पण कंपनीबरोबर नावही गेलं होतं. स्वतः केलेल्या गिटारीवर ‘फेंडर’ लिहायची त्यांना सोय उरली नाही. जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्याबरोबर पुन्हा कारखाना काढला, तेव्हा पाटीवर ‘जी अँड एल’ ही अक्षरं आली. त्यातला एल तेवढा लिओचा.

पार्किन्सन झाला तरी ते तिथं जातच राहिले. २१ मार्च १९९१ रोजी ते गेले. त्यांची कामाची खोली कारखान्यानं पुढं कित्येक वर्षं होती तशीच ठेवली होती.